भयपटाचं पोस्टर आणि मासिकाचं मुखपृष्ठ करताय? या चुका टाळा

मराठवाड्यात आता भयपट करायला कुणाची वाट बघावी लागत नाही. चांगला मोबाइल, चार मित्र आणि गावाबाहेरचा पडका वाडा एवढ्यावर शॉर्टफिल्म उभी राहते. फिल्म पोरं मन लावून करतात. पोस्टर मात्र शेवटच्या रात्री होतं आणि त्यावर दरवेळी तेच दिसतं: विलायती बंगला, धुक्यातलं सूचिपर्णी झाडांचं जंगल, पौर्णिमेचा चंद्र आणि वर रक्त ठिबकणारी अक्षरं.

भयपटाचे ठरलेले संकेत वाईट नसतात, हे आधी स्पष्ट करतो. काळा, लाल आणि फिकट पांढरा रंग, एकटी आकृती, तिच्याभोवती भरपूर रिकामी जागा, एकाच बाजूनं येणारा उजेड, अर्धा झाकलेला चेहरा, छोटंसं नाव. बसमधून जाणाऱ्या माणसालाही हा भयपट आहे हे क्षणात कळावं, यासाठी हे सगळं असतं. ते मोडून काढायची गरज नाही. पण त्या संकेतांत सामान कुठलं भरायचं, हे तुम्ही ठरवायचं असतं. तिथंच बहुतेक पोस्टर फसतात.

दुसऱ्याच्या मुलखातली भीती

आपल्याकडं धुकं किती दिवस असतं? पण काळ्या दगडाची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, दिंडीदरवाजा असलेलं वाड्याचं महाद्वार आहे, माणूस बुडेल एवढी उंच ज्वारी आहे, उसाचा फड आहे, कोरडी पडलेली नदी आहे. हे सोडून इंटरनेटवरून उचललेला बंगला लावला, की गावातला प्रेक्षक पोस्टरकडं परक्यासारखा बघतो. भीती वाटायला जागा ओळखीची लागते. एआयनं काढलेल्या चित्रांत तर हे हमखास घडतं. टोकदार कमानीच्या खिडक्या येतात आणि देवनागरीच्या नावाखाली कसलीही वेडीवाकडी चिन्हं येतात. चित्र घ्यायचंच असेल तर त्यावरचं लिखाण पुसा आणि अक्षरं स्वतः बसवा.

दुसरं म्हणजे, भीती रात्रीचीच असते हा समज. ‘भर दुपारी बाराला चिंचेखाली जाऊ नको’ हे आपल्याकडं किती घरांत ऐकवलं जातं! वैशाखातली दुपार, ओस पडलेली गल्ली, पांढरं झालेलं आभाळ, यावर आपलं पोस्टर उभं राहू शकतं. मेच्या मध्याला लातूरला आणि त्यानंतर साधारण आठवडाभरात छत्रपती संभाजीनगरला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. त्या वेळी बारवेच्या काठावर एकट्या मुलीचा फोटो काढला, तर रणरणत्या उन्हात सावली नसलेला माणूस दिसतो. बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय एवढंच जाणवतं, काय ते सांगता येत नाही. संकेत इथंही पाळायचे: आकृती एकच, रिकामी जागा भरपूर, आणि गडद काळं फक्त बारवेचं तोंड.

इथं दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. खऱ्या बारवेचं किंवा वाड्याचं नाव घालून ती जागा झपाटलेली आहे असं पोस्टरवर छापू नका. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यासारख्या गावांत बारव हा गावाचा ठेवा आहे. त्याला भुताची जागा ठरवून आपण निघून जातो आणि गावाला ते नाव चिकटतं. जागेचं नाव बदला. दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीसारख्या (काळोख्या भुयारी वाटेसारख्या) संरक्षित ठिकाणी चित्रीकरण करायचं असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा.

आणि हडळ किंवा चेटकीण दाखवायची म्हणून गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या, विधवा बाईचा फोटो वापरू नका. भानामती आणि करणीच्या संशयावरून बायकांना आपल्या भागात काय काय सोसावं लागलंय, हे आपल्याला ठाऊक आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, पण संशय अजून गेलेला नाही. चौकात लागलेलं पोस्टर त्या बाईच्या दारापर्यंत जातं. अभिनेत्री घ्या, मेकअप करा, तिची लेखी संमती घ्या.

सगळं एकाच पोस्टरवर

कवटी, बाहुली, घुबड, चंद्र, रक्ताचा पंजा, चारही कलाकारांचे चेहरे. एवढं कोंबलं की कशाचीच भीती वाटत नाही. एक प्रतिमा निवडा. ती निवडताना फिल्मचा शेवट उघडा पडत नाही ना, तेही बघा. भूत पोस्टरवरच पूर्ण दाखवलं तर फिल्ममध्ये बघायला काय उरलं?

अक्षरं मोडताना नाव मोडतं

ठिबकणारं रक्त, तडे, ओरखडे हे परिणाम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. देवनागरीत एक रेघ गेली की शब्द बदलतो. समजा नाव आहे ‘बारव’. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ तड्यात गेली की ‘वारव’ उरतं. ‘मुंजा’वरचा अनुस्वार रक्ताच्या थेंबांत हरवला की ‘मुजा’. ‘खवीस’मधल्या ‘ख’चे दोन भाग जरा सुटले की लोक ‘रववीस’ वाचतात. म्हणून तडे द्यायचेच तर उभ्या दांड्याला द्या. मात्रा, रफार, अनुस्वार आणि अक्षराच्या पोटातल्या रेघा शाबूत ठेवा.

आपल्या लिपीची खरी ताकद शिरोरेषेत आहे आणि तिचा वापर फार कमी लोक करतात. ती एका ठिकाणी तोडा, टोकाला दोरासारखी लोंबू द्या, एखादं अक्षर तिच्यापासून थोडं खाली निसटू द्या. शब्द वाचता येतो आणि अस्वस्थही करतो. थेंब काढायची गरजच उरत नाही.

फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जात असेल किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसत असतील, तर दोष फाँटचाच असतो असं नाही. प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’ उघडा आणि ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. जुन्या आवृत्त्यांत तिथं ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं असतं. मग मजकूर नव्या लेयरवर टाइप करा. मुक्ता, रोझा वन, यात्रा वन हे युनिकोड फाँट फुकट मिळतात. नावासाठी जाड, ठाशीव अक्षर घ्या. खालच्या श्रेयनामावलीसाठी उभट, साधं.

स्क्रीनवर भीषण, छापल्यावर नुसतं काळं

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. अंधाऱ्या खोलीत, पूर्ण उजेडावर ठेवलेल्या स्क्रीनवर काम केलं की सावलीतला चेहरा स्पष्ट दिसतो. कागदावर शाई पसरते आणि तोच चेहरा बुजतो. स्क्रीनचा उजेड कमी करून बघा, सावल्या थोड्या उचला, आणि पूर्ण छपाईआधी एक प्रत काढून ती उन्हात धरा.

काळ्याचंही गणित आहे. छपाईत सी, एम, वाय, के म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई, आणि पुढचा आकडा तिची टक्केवारी. मोठ्या भागावर फक्त के १०० दिलं तर काळं करडं, धुतल्यासारखं छापतं. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असं मिश्रण दिलं की दाट येतं. चारही रंग १०० वर नेऊ नका. शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. बारीक काळा मजकूर मात्र फक्त के १०० मध्येच ठेवा.

काळ्यावर गडद लाल नाव ही आणखी एक नेहमीची चूक. फाइल तात्पुरती ग्रेस्केल, म्हणजे कृष्णधवल करा. नाव नाहीसं झालं तर लांबूनही ते दिसणार नाही. नाव हाडासारख्या फिकट रंगात घ्या आणि लाल एकाच ठिकाणी ठेवा.

मुखपृष्ठ म्हणजे वर नाव चिकटवलेलं पोस्टर नव्हे

पोस्टर फिल्म विकतं, मुखपृष्ठ मासिक विकतं. पोस्टरवर चेहरा लपवला तरी चालतो. मुखपृष्ठावर तो ओळखू यायला हवा आणि त्याची नजर शक्यतो वाचकाकडं हवी. अंकात मुलाखत फिल्ममधल्या अभिनेत्रीची असते, भुताची नाही. म्हणून उजेड थोडा वाढवा आणि भय डोळ्यांत ठेवा. मुख्य ओळ मोठी, बाकीच्या चार-पाच ओळी लहान, आणि त्यांत इतर लेखांचाही उल्लेख हवा. सगळ्याच ओळी भुतांच्या झाल्या की अंकात दुसरं काही नाही असं वाटतं.

मासिकाच्या नावावर अभिनेत्रीचं डोकं आणायचं असेल तर शिरोरेषा सलग दिसू द्या. नवीन मासिक असेल तर नाव झाकूच नका. ते अजून कुणाच्या नजरेत बसलेलं नसतं. अंकाचा महिना, किंमत, बारकोड इथं लागतात, पोस्टरवर नाही. बारकोडच्या रेघा लाल करू नका. लाल किरणांच्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत. पांढरी चौकट आणि काळ्या रेघा, भोवती मोकळी जागा.

श्रेयनामावली पोस्टरवर, मुखपृष्ठावर नको. ‘ए’ किंवा ‘यूए १६+’ ही खूण सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय टाकू नका. भारदस्त दिसावं म्हणून महोत्सवात निवड झाल्याची खूण म्हणून लावतात त्या पानांच्या माळाही, निवड झालेली नसताना लावू नका.

फाइल देताना

ए३ पोस्टरला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी जास्त चित्र. मोठ्या फ्लेक्सला पूर्ण मापात ७२ ते १०० डीपीआय पुरतं. दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर अक्षरांचा कचरा होतो, म्हणून कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या. कर्व्ह न केलेली मूळ फाइल स्वतःकडं ठेवा, कारण तारीख बदलली की तीच लागते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं झालं तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.