पळसफुलांची जमिनीवरची नक्षी

फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याशी पळस फुलला की झाडाखाली केशरी सडा पडतो. मुलांना घेऊन तिथेच नक्षी मांडा. फुलं फांदीवरून तोडू नका, पक्षी त्यातल्या मधावर येतात. पडलेली भरपूर असतात.

आधी जमवलेलं रंगानुसार वेगळं करा. पळसाच्या पाकळ्या, त्यांच्या बुडाची मखमली काळपट टोपणं, कडुनिंबाची गळालेली पिवळी पानं, नाल्यातले काळे गोटे. ही वाटणी घाईत केली तर पुढे सगळी नक्षी गढूळ दिसते, म्हणून निम्मा वेळ इथेच द्या. मग जागा झाडून काळ्या मातीवर थोडं पाणी शिंपडा. ओलसर काळ्यावर केशरी फार खुलून दिसतं आणि पाकळ्या चिकटून राहतात. मधून सुरुवात करून बाहेर सरका, म्हणजे हात लागून काही विस्कटत नाही.

काम सकाळीच करा. दुपारच्या वाऱ्यात पाकळ्या उडतात, उन्हात त्या आक्रसतात. पानं जोडायला बाभळीचा काटा, बांधायला केळीच्या खोडाचं वाळलेलं साल पुरतं. डिंक, दोरा, प्लास्टिक नकोच. फोटो कोवळ्या तिरप्या उन्हात काढा, गोट्यांच्या सावल्या छान पडतात.

रुईची पानंफुलं मात्र मुलांच्या हाती देऊ नका, तिचा चीक डोळ्यांना घातक आहे. दगड काठीने उलटून मगच उचला, खाली विंचू असू शकतो. झाल्यावर गोटे होते तिथे परत ठेवा.