राज्यव्यवस्था: नव्याने अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी

अभ्यासिकेत पहिल्याच आठवड्यात सल्ला मिळतो की राज्यव्यवस्था म्हणजे पाठांतर. कलमांचा तक्ता भिंतीला चिकटवा आणि सकाळ-संध्याकाळ म्हणा. आकडे लागतातच, पण नुसत्या आकड्यांनी हा विषय मला कधी धरता आला नाही. तो धरता आला २०२०च्या टाळेबंदीत, घरी बसून बातम्या वाचताना.

उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा ते ना विधानसभेत होते ना विधान परिषदेत. कलम १६४(४) नुसार अशा मंत्र्याला सहा महिन्यांत आमदार व्हावं लागतं, नाहीतर पद जातं. मुदत मेअखेर संपणार आणि कोरोनामुळे परिषदेची निवडणूक लांबलेली. मंत्रिमंडळाने राज्यपालांकडे शिफारस केली, यांना राज्यपालनियुक्त सदस्य करा. या जागा कलम १७१ मधल्या. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या लोकांसाठी. राज्यपालांनी नियुक्ती केली नाही, शेवटी निवडणूक आयोगालाच निवडणूक घेण्याची विनंती केली. आयोगाने ती लावली आणि मेमध्ये नऊही जागा बिनविरोध भरल्या.

या एका प्रकरणात नामधारी प्रमुख (राज्यपाल) आला, वास्तविक प्रमुख (मुख्यमंत्री) आला, मंत्रिमंडळाचा सल्ला आला, नामनिर्देशन आलं, कलम ३२४ खालचा आयोगही आला. आता पुस्तकातलं ‘सत्ताविभाजन’ काढून वाचा. बहुतेक गाईड माँटेस्क्यू या फ्रेंच विचारवंतापासून सुरू होतात आणि तीन चौकोन काढून मोकळी होतात: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. आपल्याकडे हे चौकोन असे सुटे नाहीत. अमेरिकेत मंत्री होताना काँग्रेसचं सदस्यत्व सोडावं लागतं. इथे आमदार झाला नाही तर मंत्रिपद टिकत नाही. आपलं कार्यकारी मंडळ कायदेमंडळातूनच निघतं आणि कलम १६४(२) प्रमाणे विधानसभेलाच सामूहिकरीत्या जबाबदार असतं. विधान परिषदेला नाही, हे लक्षात असू द्या. वेगळं काढायला सांगितलंय ते न्यायमंडळाला, कार्यकारी मंडळापासून, कलम ५० मध्ये. आणि तेही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे जी न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत त्यांत.

अधिवेशनाच्या संज्ञा हमखास गोंधळात टाकतात. त्या पाठ करण्याऐवजी प्रत्येकीपुढे ‘हे कोण करतं’ एवढंच लिहा. तहकूब करतो सभागृहाचा अध्यक्ष किंवा सभापती. सत्रसमाप्ती, म्हणजे अख्खं अधिवेशनच संपवणं, राज्यपाल करतात. विसर्जनही राज्यपालच, पण फक्त विधानसभेचं. परिषद विसर्जित होत नाही, तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू असताना गोंधळामुळे कामकाज थांबलं तर ते तहकूब, सत्रसमाप्ती नव्हे. हा फरक कळला की कलम २१३ चा अध्यादेश, म्हणजे राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा, आपोआप कळतो: दोन्ही सभागृहं अधिवेशनात असतील तर तो काढताच येत नाही, आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो.

घटनादुरुस्त्यांची यादी लांबलचक आहे, सगळी एका बैठकीत घेऊ नका. ९१ वी (२००३) आपल्या विधानसभेला लावून बघा. २८८ चे १५ टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ मंत्री. शपथविधीच्या दिवशी पेपर उघडून मोजायचे. ५२ वी (१९८५), म्हणजे पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची, महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायची गरज नसावी.

क्लासच्या नोट्स चालतील, पण शेजारी संविधानाची मराठी प्रत उघडी हवी. आधी राज्याचा भाग, मग केंद्राचा, तोही जोडीने: १६३ ला ७४, १६४ ला ७५, १७४ ला ८५, २१३ ला १२३. निम्मं वाचून झालेलंच असतं, फक्त कुठे जुळत नाही तिथे पेन्सिल मारा. राज्यपालांच्या विवेकाधिकाराचा (मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना निर्णय घेण्याचा) उल्लेख १६३ मध्ये आहे, राष्ट्रपतींसाठी ७४ मध्ये तसा नाही. परीक्षेत विधानं द्यायची तर लोकसेवा आयोगाला असले फरक भारी आवडतात.