मराठीत प्रबंध लिहिताय? ग्रंथपालांना आधी फॉन्ट दाखवा

ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, पुस्तक शोधता येतं, प्रबंधांचा ऑनलाइन साठा असलेली शोधगंगा माहीत आहे, ‘काही देणं बाकी नाही’ या नो ड्यूज दाखल्यासाठी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं तेही कळलंय, असं धरून चालू. बरेच संशोधक ग्रंथपालांशी पहिल्यांदा धड बोलतात ते प्रबंध सादर करायच्या आठवड्यात, साधर्म्य तपासणीचं, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही याचं, प्रमाणपत्र हवं असतं तेव्हा. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं एवढ्यावर निभावून जातं. मराठीत लिहिणाऱ्याचं घोडं इथेच पेंड खातं, आणि कारण असतं फॉन्ट.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएमचे जुने फॉन्ट यांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. वर मराठीचं सोंग असतं, एवढंच. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, मोठा बी, एच असा असतो. तपासणीचं सॉफ्टवेअर अक्षराचं रूप बघत नाही, आतला संकेत वाचतं. असा संकेत त्याच्या साठ्यात जवळपास नसतोच, म्हणून अहवाल येतो शून्य किंवा एक टक्का. विद्यार्थी पेढे वाटायला निघतो. त्या शून्याचा अर्थ तपासणी झालीच नाही, एवढाच आहे. जागरूक ग्रंथपाल असा अहवाल परत करतात, आणि तेव्हा हातात असतात चार दिवस.

ओळखायचं कसं? फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर पुढचं नीट वाचा. घाबरू नका, हे दुरुस्त होतं. फक्त एका रात्रीत होत नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर वाटेल तितके मिळतात. पण अख्खी फाइल एकदम त्यात ओतली की मधले इंग्रजी शब्द, संदर्भसूचीतली इंग्रजी नावं, संकेतस्थळांचे पत्ते हे सगळं देवनागरी होऊन त्याची माती होते. म्हणून वर्डमध्ये जुन्या फॉन्टच्या एका शब्दावर कर्सर ठेवा, ‘सिलेक्ट’मधून सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडा आणि तेवढाच बदला. मूळ फाइलची प्रत आधी वेगळी ठेवा. या निवडीत तळटीपा, शीर्षपट्टी आणि मजकुराच्या चौकटी येत नाहीत, त्या स्वतंत्रपणे बदलाव्या लागतात. तळटीपा विसरल्याचं कळतं ते बांधणी झाल्यावर.

बदलून झालं की मुद्रितशोधन. कन्व्हर्टर हमखास अडखळतो तो रफारावर. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी साठवला जातो, म्हणून ‘मार्मिक’, ‘वर्षे’ आणि विशेषतः रफार व अनुस्वार एकत्र येणारा ‘धर्मांतर’ हे शब्द आधी शोधून बघा. ऱ्हस्व वेलांटीचंही तसंच. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी येते, त्यामुळे ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ असल्या जोडाक्षरांत भलत्याच जागी बसते. मग ॲ, ऑ, श्र, द्य, द्ध. आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन पद्धतींनी साठवला जातो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे वाटतात. प्रकरण दोनमध्ये एक आणि प्रकरण चारमध्ये दुसरा असला तर शोध अर्धाच लागतो. एक पद्धत धरा आणि बाकीचे सगळे बदलून घ्या. तीनशे पानांच्या प्रबंधाला दिवसाला एक प्रकरण हा वेग बरा. त्याहून जास्त केलं की डोळे चुका गाळायला लागतात.

अजून पहिलंच प्रकरण चालू असेल तर सुटलात. आजच मंगल, कोकिळा, नोटो किंवा यशोमुद्रा हा युनिकोड फॉन्ट घ्या आणि इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिका. सुरुवातीचे काही दिवस बोटं शिव्या देतात, मग वळतात.

टायपिंगवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं काम वर्षानुवर्षं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालत आलं, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून जुने फॉन्ट टिकले. काम देतानाच ‘युनिकोड, वर्ड फाइल’ हे दोन शब्द लिहून द्या. फक्त पीडीएफ घेऊन घरी येऊ नका. तपासणीलाही वर्डचीच फाइल द्या. पीडीएफमधून मजकूर काढताना बऱ्याचदा युनिकोड मराठीचीसुद्धा जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या सरकतात, आणि मग खरं साधर्म्यही निसटतं.

टक्क्यांचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साधर्म्याला दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत, ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य जुळणी वगळायची असते. ही वगळणी सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते, म्हणून अहवालात आकडा मोठा दिसला तर रडण्याआधी ग्रंथपालांना विचारा, काय वगळलंय आणि काय नाही. प्रबंधातूनच छापलेले तुमचे लेख जुळत असतील तर त्यांची यादी आणि मार्गदर्शकांचं पत्र सोबत ठेवा.

पण मराठीत आकडा कमी आला म्हणून छाती फुगवू नका. सॉफ्टवेअर तुलना करतं ती त्याच्या साठ्यातल्या मजकुराशी, आणि मराठीतलं किती तरी छापील लेखन त्या साठ्यात नाहीच. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून आपल्या नावावर खपवला तर यंत्राला बहुधा कळणार नाही. बहिःस्थ परीक्षकाला कळतं.

‘साधर्म्य कमी करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानाकडे फिरकू नका. तिथे शब्द फिरवून मराठीचा चेंदामेंदा होतो, तो एक भाग. दुसरा जास्त घातक. बाहेरच्या खात्यावर फाइल तपासली आणि ती सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा झाली, की पुढे विद्यापीठाच्या तपासणीत तुमचा प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी नव्वद टक्के जुळतो. ग्रंथालयात कच्चा मसुदा तपासून घेतानाही ‘साठ्यात ठेवू नका’ असं स्पष्ट सांगा.

आता ग्रंथपालांचा खरा उपयोग. ‘विषयावर काही आहे का’ असं विचारलं की कपाटाकडे बोट दाखवलं जातं. ‘१८८० ते १९०० मधली स्त्रीशिक्षणावरची मराठी पुस्तकं कशी शोधू’ असं विचारलं तर संदर्भ विभागातून शं. ग. दाते यांची ग्रंथसूची पुढे येते, १८०० ते १९३७ चा एक खंड, १९३८ ते १९५० चा दुसरा. गूगलवर ज्यांचा मागमूस नाही अशी नावं तिथे आहेत. नाव मिळालं की आंतरग्रंथालयीन देवघेव, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवणं, आणि तेही जमलं नाही तर ग्रंथपालांच्या सहीचं परिचयपत्र घेऊन ठाण्याचं १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. जुनी नियतकालिकं बघायची असतील तर महिना-वर्ष लिहून न्या, ‘जुने अंक दाखवा’ म्हणू नका. इंग्रजी लेख मात्र पैसे देऊन विकत घेऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून शासकीय संस्थांसाठी वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही संशोधनपत्रिकांच्या सामाईक वर्गणीची योजना सुरू आहे. तुमची संस्था त्यात आहे का आणि घरून लॉगिन कसं करायचं, हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

शोधगंगेसाठी प्रकरणवार वेगळ्या पीडीएफ लागतात. त्या वर्डमधूनच ‘सेव्ह ॲज’ करा, छापून स्कॅन करू नका, कारण स्कॅन म्हणजे चित्र, त्यात शोध चालत नाही. फाइल देण्याआधी वर्डमधली आणि पीडीएफमधली पानसंख्या जुळवा आणि प्रत्येक पीडीएफमधली एक ओळ नोटपॅडमध्ये टाकून बघा. तळटीपेतलीसुद्धा.