‘येस, येस्टरडे सेंट’: इंग्रजी वाक्यात कुणाला कुठे बसवायचं

माझा भाचा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला आहे. हंगामात हॉलंडच्या खरेदीदाराशी व्हॉट्सॲपवर बोलणं त्याच्याकडे असतं. एकदा तिकडून विचारणा आली, लेबलचे फोटो आणि प्रमाणपत्र पाठवलं का? यानं झटक्यात उत्तर दिलं, ‘येस, येस्टरडे सेंट.’ समोरच्याचा उलट प्रश्न: काय पाठवलंत, आणि कोणी? भाचा रविवारी नाशिकला, इंदिरानगरला घरी आला तो फुगूनच. “मावशी, ‘काल पाठवले’ इतकं साधं तर लिहिलं होतं. यात न कळण्यासारखं काय आहे?”

मराठीत खरंच न कळण्यासारखं काही नाही. ‘पाठवले’ म्हटलं की फोटो, ‘पाठवलं’ म्हटलं की प्रमाणपत्र, ‘पाठवली’ म्हटलं की पेटी. वस्तू कोणती ते क्रियापदाच्या शेपटावरूनच कळतं. ‘निघालेच, दहा मिनिटांत पोहोचते’ यात तर ‘मी’ कुठेच नाही, तरी बोलणारी बाई आहे हेसुद्धा कळतं. इंग्रजी ‘सेंट’ला असलं शेपूट नाही. फोटो असोत की पेटी, मी असो की तुम्ही, ते आपलं ‘सेंट’. म्हणून तिथे प्रत्येकाला वेगळं आसन द्यावं लागतं आणि ज्याचं त्यालाच त्यावर बसवावं लागतं. भाच्याला सांगितलं तेच इथे क्रमानं लिहिते.

पहिल्यांदा लपलेली माणसं बाहेर काढा

मनात आलेल्या मराठी वाक्याला दोन प्रश्न विचारा: कोणी? आणि काय, किंवा कोणाला? उत्तरं वाक्यात नसली तरी इंग्रजीत ती सर्वनामं होऊन आलीच पाहिजेत. ‘काल पाठवले’ला विचारलं, कोणी? मी. काय? फोटो, म्हणजे अनेक. झालं: ‘आय सेंट देम येस्टरडे.’

यातलं दुसरं सर्वनाम आपण जास्त गाळतो. ‘मिसळ कशी वाटली?’ यावर ‘आवडली’ पुरतं, पण इंग्रजीत नुसतं ‘आय लाइक्ड’ म्हणालात तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘आय लाइक्ड इट’ म्हणा. चॅटवर इंग्रजसुद्धा घाईत ‘आय’ खातो आणि ‘सेंट इट येस्टरडे’ लिहितो, पण ‘इट’ सहजासहजी सोडत नाही.

कोणीच नसेल तर? पाऊस पडतोय, उशीर झालाय, पाच वाजले, इथून लांब आहे. तरीही कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची नाही. तिथे बिनकामाचं ‘इट’ नेऊन बसवायचं: ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज लेट’, ‘इट इज फाइव्ह ओक्लॉक’, ‘इट इज फार फ्रॉम हिअर’. हे ‘इट’ म्हणजे कोण, असं विचारू नका. खुर्ची अडवून ठेवायला टाकलेला रुमाल आहे तो.

मग क्रियापद ओढून मध्ये आणा

आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येतं आणि कर्म त्याच्या मागे. हे शाळेत झालेलं असतं, म्हणून लांबवत नाही. एवढंच बघा, की ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’ या दोन्हींना इंग्रजीत एकच ‘गोज’ आहे. ही, शी, इट यांच्या मागे येणाऱ्या क्रियापदाला हा ‘एस’ लागतो आणि मध्ये क्रियाविशेषण घुसलं तरी तो पडत नाही. ‘शी ऑफन गोज टू त्र्यंबक’, ‘ऑफन गो’ नव्हे. मात्र ‘डझंट’ आलं की तो ‘एस’ त्यानं घेतलेला असतो, म्हणून ‘शी डझंट गो’.

नेहमी, कधीकधी, कधीच नाही

खरी गोची इथे होते. मराठीत ‘मी नेहमी’, ‘नेहमी मी’, ‘जातो मी नेहमी’, सगळं चालतं. इंग्रजीत ऑलवेज, युज्वली, ऑफन, नेव्हर या मंडळींची जागा जवळजवळ ठरलेली आहे.

साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी: ‘आय ऑलवेज टेक द पंचवटी एक्सप्रेस.’ ॲम, इज, आर, वॉज असेल तर त्याच्यानंतर: ‘इट इज ऑलवेज फुल.’ गाडीबद्दलचीच दोन वाक्यं, पण ऑलवेज एकदा क्रियापदापुढे आणि एकदा मागे. हॅव, विल, कॅन असा मदतनीस असेल तर तो आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये: ‘आय हॅव नेव्हर बीन टू वणी.’ ‘नेव्हर’मध्ये नकार आधीच आहे, त्याला आणखी ‘नॉट’ जोडायचा नाही. ‘कधीच गेलो नाही’मधलं ‘नाही’ तोंडात असतं म्हणून आपल्याकडून तो जोडला जातो. ‘समटाइम्स’ मात्र बरंच मोकळं आहे, पुढे, मध्ये, शेवटी कुठेही बसतं.

क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये सहसा कोणालाही घुसू देऊ नका. ‘आय लाइक व्हेरी मच मिसळ’ हे मी कॉलेज रोडवर इतक्यांदा ऐकलंय, की आता कान बधिर झालेत. ‘आय लाइक मिसळ व्हेरी मच.’ काळवेळही मध्ये नको: ‘वी वेंट टू रामकुंड येस्टरडे’, आधी ठिकाण, मग वेळ. ‘येस्टरडे’ अगदी सुरुवातीला टाकलंत तरी चालतं.

जोडक्रियापदात सर्वनाम कुठे

जोडक्रियापद म्हणजे ‘टर्न ऑफ’सारखं दोन शब्दांचं क्रियापद. ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर, ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर. पण पंख्याच्या जागी ‘इट’ आलं, की ते मध्येच बसणार: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. तसंच ‘पिक मी अप ॲट द्वारका’ (द्वारका म्हणजे नाशिकमधला चौक), ‘कॉल हर बॅक’. उलट ‘वेट फॉर मी’, ‘लूक ॲट इट’, ‘लूक आफ्टर हिम’ यांत सर्वनाम शेवटी. नियम पाठ करत बसण्यापेक्षा नवं जोडक्रियापद शिकतानाच ‘इट’ घालून पाठ करा. वहीत ‘पिक अप’ न लिहिता ‘पिक इट अप’ लिहा.

आपला ‘च’, आणि ‘आपण’

‘मी इथेच आहे’ याचं ‘आय ॲम हिअर ओन्ली’ आपण सर्रास करतो. नाशिकमध्ये सगळ्यांना कळतं, त्यामुळे मी कोणाला टोकत नाही. परदेशी माणसाला मात्र ‘आय ॲम राइट हिअर’ म्हणा. ‘मीच केलं’मधला ‘च’ ‘मायसेल्फ’मध्ये येतो: ‘आय डिड इट मायसेल्फ.’ प्रत्येक ‘च’ला ‘ओन्ली’ लावलं की घोटाळा होतो, कारण ‘ओन्ली आय सॉ हिम’ म्हणजे फक्त मी पाहिलं, आणि ‘आय सॉ ओन्ली हिम’ म्हणजे फक्त त्याला पाहिलं.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना इंग्रजीत एकच ‘वी’. भाच्यानं पाहुण्याला सांगितलं, ‘वी आर गोइंग फॉर मिसळ’, आणि पाहुणा बूट घालून तयार. भाच्याच्या मनात ‘आम्ही’ होतं. बिल अर्थातच भाच्यानं भरलं. पाहुणा धरून सांगायचं असेल तर ‘लेट्स गो’ म्हणा, नसेल तर ‘माय फ्रेंड्स अँड आय’. तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून ‘यू’ एकटंच आहे, म्हणून तिथे आदर ‘कुड यू प्लीज’मधून दाखवावा लागतो.

सराव

आज पाठवलेले पाच मराठी मेसेज काढा आणि त्यांचं इंग्रजी करा. माझा कालचा घ्या (सीबीएस म्हणजे नाशिकचा मध्यवर्ती बसस्टँड): ‘सीबीएसला उतरले, तिला फोन केला, उचलला नाही.’ तीन क्रियापदं आहेत, पण ‘मी’ एकदाही नाही आणि फोन कोणी उचलला नाही तेही लिहिलेलं नाही. इंग्रजीत: ‘आय गॉट ऑफ ॲट सीबीएस. आय कॉल्ड हर, बट शी डिडंट पिक अप.’

आता भाच्याचा परवाचा मेसेज, हा तुमच्यासाठी: ‘विचारलं, पण अजून सांगितलं नाही.’ मी त्याचं ‘आय आस्क्ड हिम, बट ही हॅजंट टोल्ड मी येट’ केलं. भाचा म्हणाला, “अगं मावशी, त्यानं विचारलंय, मी सांगितलेलं नाही.”