झिंक-आयन बॅटरीचं इलेक्ट्रोलाइट बनवताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी नवीन पोरं येतात आणि तिथंच घसरतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठा घोळ सॉल्टमध्येच होतो, म्हणजे जो क्षार पाण्यात विरघळवून इलेक्ट्रोलाइट (बॅटरीत आयन वाहून नेणारं द्रावण) बनवतो त्यातच. जळगावात प्रोजेक्ट करणाऱ्या एका पोरानं घरी कपाशीसाठी आणलेल्या पिशवीतलंच झिंक सल्फेट आणलं. "सर, झिंक सल्फेटच ना, सेम तर आहे." सोल्यूशन गढूळ पिवळट झालं, त्यानं तीनदा फिल्टर केलं, दिसायला पाण्यासारखं झालं, आणि तिसऱ्या दिवशी कॉइन सेल (नाण्याएवढ्या चाचणी-बॅटऱ्या) फुगले. उघडले तर झिंकच्या पत्र्यावर काळे ठिपके. विरघळलेलं लोखंड-तांबं फिल्टर पेपरला अडत नाही भाऊ, ते झिंकवर जाऊन बसतं आणि तिथून हायड्रोजन सुटत राहतो.

बरं, एआर ग्रेड (लॅबसाठीचं शुद्ध) आणलं म्हणजे झालं असंही नाही. ७ पाण्याचे रेणू असलेलं झिंक सल्फेट ३९ अंशांच्या आसपास पाणी सोडायला लागतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात लाइट गेली की लॅबची भट्टी होते. झाकण सैल राहिलेल्या बाटलीतले काचेसारखे खडे आमच्याकडं पांढरे पडून भुगा झाले होते, वर कुणीतरी "ओल लागली असेल" म्हणून बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवली, म्हणजे उरलंसुरलं पाणीही गेलं. २ मोलरला लिटरमागे ५७५ ग्रॅम हा हिशोब ७ पाण्यांचा आहे, ते गेलं की हिशोब गेला. दीड महिना आम्ही द्रावणात घातलेल्या बिचाऱ्या अ‍ॅडिटिव्हला दोष देत बसलो. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचचं ईडीटीए टायट्रेशन (द्रावणात झिंक नेमकं किती ते मोजणं) करतोच, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की मगच बाटलीवर आकडा आणि तारीख लिहितो. अर्धा तास जातो, जाऊ दे.

दुसरं, झिंक-झिंक सेलचा (दोन्ही बाजूंना झिंकचा पत्रा असलेल्या चाचणी सेलचा) व्होल्टेज अचानक खाली येऊन सपाट झाला की पोरं खूश, "सर, अजून स्टेबल झाला!" अरे, तो आतून शॉर्ट झालाय, डेन्ड्राइट (झिंकचा सुईसारखा वाढलेला काटा) दोन पत्र्यांमधल्या सेपरेटरच्या पडद्यातून पार गेलाय. ग्राफ दाखवायच्या आधी इम्पीडन्स (एसी करंटला सेलचा विरोध) काढा, त्याच्या आलेखातलं अर्धवर्तुळ गायब झालेलं दिसेल.

पीएच वाढवायला केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ओतू नका, पांढरा साका बसतो. लिटरभर पाण्यात सॉल्ट टाकायचं नाही, विरघळवून मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. मँगनीज डायऑक्साइडचा कॅथोड असेल तर थोडं मँगनीज सल्फेट घाला, मँगनीज विरघळून जाणं कमी होतं. महागडं झिंक ट्रायफ्लेट (सल्फेटऐवजी वापरतात तो दुसरा क्षार) पहिल्याच महिन्यात मागणाऱ्याला मी देत नाही, साधं सल्फेट आधी नीट जमू दे.

आणि १०० मायक्रॉनचा पत्रा लावून चौरस सेंटीमीटरला १ एमएएच (मिलिअँपिअर-तास) चार्ज फिरवलं तर जेमतेम पावणेदोन टक्के झिंक वापरलं जातं, तेव्हा "हजार तास चालला" सांगताना पत्र्याची जाडीही सोबत लिहा.