दुर्मीळ पक्षी दिसला? मग नोंद वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

रानपिंगळा शंभराहून जास्त वर्षं कुणाला सापडत नव्हता, आणि त्याला एक खोटी नोंदही कारणीभूत होती. ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या छोट्या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1884 पर्यंत त्याचे मोजून सात नमुने गोळा झाले, त्यातले बहुतेक आपल्या खानदेशातले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक रानपिंगळा मिळवल्याचं सांगितलं, तशी चिठ्ठी लावलेला नमुनाही संग्रहालयात गेला. नंतर कित्येकांनी शोध घेतला, त्यात सलीम अलीही होते. हाती काही लागलं नाही.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीअभ्यासकांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा खरा प्रकार कळला. पक्षी खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेला होता. माइनर्ट्झहागनने संग्रहालयातून तो चोरून, उसवून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवीचं नाव बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धरल्या आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर 113 वर्षांनी.

आपल्यापैकी कुणी मुद्दाम खोटं लिहीत नाही. पण मनापासून केलेली चुकीची नोंदही नकाशावर खऱ्या नोंदीसारखाच ठिपका उमटवते, आणि तो ठिपका बघून पुढे कुणीतरी आपला हिवाळा खर्च करतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पक्षी खरोखर दुर्मीळ असतो, पण बघणाऱ्याने पुरावाच ठेवलेला नसतो, आणि ती नोंद कुणालाच वापरता येत नाही. दोन्ही प्रकारचं नुकसान टाळता येतं.

ओळखण्यातल्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी दुर्मीळ नाव मनात येतं आणि मग त्याला जुळणाऱ्या खुणा शोधल्या जातात. क्रम उलटा हवा. आपल्या भागातला त्याच्यासारखा दिसणारा नेहमीचा पक्षी कोणता, आणि हा तो का नाही, हे आधी स्वतःला पटवा.

रानपिंगळ्याचंच घ्या. ‘भर दिवसा बसला होता, म्हणजे रानपिंगळाच’ असं म्हणणारे मेसेज दर हिवाळ्यात येतात. रानपिंगळा दिवसा वावरतो हे खरं, पण आपला साधा पिंगळाही दिवसा ढोलीबाहेर ऊन खात बसतो. त्यामुळे वेळेवरून काहीच ठरत नाही. डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास एकसारखं राखाडी-तपकिरी दिसतं. त्याचं डोकं आणि चोच शरीराच्या मानाने थोराड असते, छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले. यातल्या तीन-चार खुणा एकाच पक्ष्यावर, चांगल्या उजेडात दिसल्या तर पुढे जा. एकच दिसली तर थांबा.

ठिकाणावरून नाकारणं हीसुद्धा चूकच. रानपिंगळा म्हणजे सातपुडा आणि मेळघाट असं आपण धरून चाललो होतो. 2014 मध्ये तो मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात सापडला. ‘इथे हा असूच शकत नाही’ म्हणून फोटो पुसून टाकला असता तर ती माहिती गेलीच असती. अनपेक्षित ठिकाणी पुरावा जास्त भक्कम लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

हिवाळ्यात माळरानावर येणाऱ्या भोवत्यांच्या (हॅरियर या शिकारी पक्ष्यांच्या) माद्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ होतो. पॅलिड आणि माँटेग्यू या दोघांच्या माद्या आणि पिल्लं उडताना लांबून सारखीच दिसतात. पॅलिडच्या कानामागच्या गडद डागाच्या मागे फिकट पट्टा कॉलरसारखा दिसतो, माँटेग्यूला तो नीट दिसत नाही. आता हा पट्टा दिसलाच नसेल तर? मग ‘पॅलिड किंवा माँटेग्यू’ एवढंच लिहा. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळावर अशा जोडनावाने नोंद करायची सोय आहे आणि अभ्यासाला ती चालते. अंदाजाने लिहिलेल्या नेमक्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी पडते.

पांढरा कावळा, पांढरी बुलबुल, अंगावर पांढरे चट्टे असलेली साळुंकी हे नवे किंवा दुर्मीळ पक्षी नसतात. रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे नेहमीच्याच जातीत असे पक्षी जन्मतात. शहराजवळ परदेशी पोपट किंवा मुनिया दिसली तर आधी पिंजऱ्याची शंका घ्या. झिजलेली शेपूट, पायात कडी, माणसाची भीती नसणं या खुणा लिहून ठेवा.

पुराव्यातल्या चुका

फोटो असला की झालं असं वाटतं. पण कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं, ठिकाण लिहिलेलं नाही आणि फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला असेल तर त्यातली बरीच माहिती वाटेतच गळून जाते. मूळ फाईल जपा. क्रॉप केलेला फोटो देताना न कापलेलाही सोबत द्या, म्हणजे अधिवास दिसतो आणि आजूबाजूच्या पक्ष्यांवरून आकार कळतो. एकच देखणा फोटो निवडू नका. पंख पसरलेला, पाठीमागून, अर्धवट दिसणारा, सगळे ठेवा, कारण निर्णायक खूण बहुधा धूसर फोटोतच सापडते. एआयने धारदार केलेला फोटो पुरावा म्हणून देऊ नका. ते सॉफ्टवेअर पिसांचे बारकावे स्वतःच भरतं, आणि आपल्याला तर नेमके तेच तपासायचे असतात.

मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. ते सुचवणं म्हणजे नोंद नव्हे. कोतवाल इतरांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो हे ॲपला दरवेळी कळेलच असं नाही. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, रेकॉर्डिंग जोडा आणि पक्षी डोळ्यांनी दिसला की नुसता ऐकला, ते स्पष्ट लिहा.

कॅमेरा नसेल तर मजकूर पुरतो, पण तो तिथल्या तिथे लिहिलेला हवा. ‘पॅलिड हॅरियर, मादी, नक्की’ यातून तपासणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सकाळी 7:40, सूर्य पाठीमागे, अंतर अंदाजे 60 मीटर, 8×42 दुर्बीण. ज्वारीच्या कापलेल्या शेतावरून जमिनीलगत उडत गेली. डोळ्याभोवती पांढरं, कानामागे गडद डाग, त्यामागे सलग फिकट पट्टा दोनदा दिसला. शेपटीच्या मुळाशी पांढरं. पंखांची खालची बाजू नीट दिसली नाही.’ यातलं शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. काय दिसलं नाही हे लिहिणाऱ्याच्या बाकीच्या निरीक्षणावर विश्वास बसतो. हे टिपण घरी जाऊन पुस्तक उघडण्याआधी पूर्ण करा, नाहीतर पुस्तकातलं चित्र आठवणीत मिसळतं.

नोंद तपासणाऱ्याने प्रश्न विचारला म्हणून रागावणं ही चूक तर मी फार वेळा पाहिली आहे. ईबर्डचे समीक्षक स्वयंसेवक असतात आणि त्या जिल्ह्यात, त्या महिन्यात, तेवढ्या संख्येने अनपेक्षित असलेल्या नोंदीवर ते शंका विचारतात. उत्तर म्हणून फोटो किंवा टिपण पाठवा. नोंद मान्य झाली नाही तरी ती तुमच्या यादीतून जात नाही, फक्त सार्वजनिक माहितीत येत नाही. पुढे त्याच भागात भक्कम पुरावा मिळाला तर ती पुन्हा बघता येते.

पक्ष्याला महागात पडणाऱ्या चुका

इथे मला थोडं कठोर बोलावंसं वाटतं. दुर्मीळ पक्ष्याचं नेमकं लोकेशन ग्रुपवर टाकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गाड्या उभ्या राहतात. एखाद्या वाट चुकलेल्या पाणपक्ष्याच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. पण घरटं असेल, रात्रीच्या विसाव्याची जागा असेल किंवा माळढोकासारखी संकटातली जात असेल, तर ठिकाण सांगूच नका. ईबर्डवर नोंद केली तरी निवडक संवेदनशील जातींची ठिकाणं तिथे आपोआप लपवली जातात, त्यामुळे विज्ञानाचं काही अडत नाही. फेसबुकवर ती सोय नाही. फोटोच्या मागे ओळखीचं देऊळ किंवा टेकडी दिसत असेल तरी जागा कळते, हे लक्षात असू द्या.

फोटोसाठी रेकॉर्ड केलेला कॉल लावू नका. विणीच्या काळात नर आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून खाणं आणि पिल्लं सोडून त्याला शोधत राहतो. घरट्यासमोरची फांदी वाकवणं, पानं तोडणं याने घरटं कावळ्याच्या आणि उन्हाच्या नजरेला येतं.

पावसाळ्यातली एक वेगळी चूक किनाऱ्यावर होते. वादळी वाऱ्याने बूबी, फ्रिगेटबर्ड, नॉडी असे खोल समुद्रातले पक्षी कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याला लागतात. लोक भल्या हेतूने त्यांना परत लाटांत सोडतात. पक्षी दमलेला, भुकेला असतो, तो बुडतो. त्याला पाणी पाजू नका, मासे कोंबू नका. हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात ठेवा आणि महाराष्ट्रात वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला कळवा. मेलेला सापडला तर शेजारी मोजपट्टी ठेवून वरून, खालून आणि चोचीचा जवळून फोटो घ्या आणि वनविभागालाच कळवा. तो घरी नेणं कायद्यात बसत नाही. मात्र रीतसर संग्रहालयात गेला तर त्याचा अभ्यासाला मोठा उपयोग होतो. पायात अभ्यासकांनी घातलेली कडी दिसली तर तिच्यावरची सगळी अक्षरं आणि आकडे टिपा. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) कड्यांवर कळवण्याची सूचना कोरलेली असते.

संशोधनाकडे वळताना होणाऱ्या चुका

बरेच विद्यार्थी विचारतात, दुर्मीळ पक्ष्यावर प्रोजेक्ट करता येईल का? करता येतो, पण एम.एस्सी.च्या सहा महिन्यांत रानपिंगळ्याच्या दोन जोड्या बघून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्न आधी ठरवा आणि त्याला पुरेल इतका दिसणारा पक्षी निवडा. 1930 मध्ये सलीम अलींची नोकरी गेलेली होती आणि ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. तिथे त्यांनी घराजवळच्या सुगरणींकडे बघितलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी ते तपासून पसंत करते, मग नर दुसरं घरटं विणायला घेऊन दुसऱ्या मादीला बोलावतो, हे त्यांनी तिथे उलगडलं. पक्षी अगदी नेहमीचा होता. निरीक्षण मात्र रोज, त्याच वसाहतीचं, तारखेवार होतं.

आज तर नेहमीच्या पक्ष्यांचीच माहिती तातडीने हवी आहे. 2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा आढावा आहे आणि दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन शुभ मानतो तो नीलपंख घटत असल्याचं दिसलं आहे. हे कळलं ते कुणी दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे धावलं म्हणून नव्हे, तर लोकांनी तारेवरचा नीलपंख, कोतवाल, होला हे सगळं लिहिलं म्हणून.

म्हणूनच फक्त खास पक्षी लिहून साळुंकी-कावळे गाळणं ही संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत महागडी चूक आहे. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच ईबर्डवर यादी ‘पूर्ण’ म्हणून नोंदवा. मग न दिसलेला पक्षीसुद्धा माहिती ठरतो. संख्येच्या जागी ‘एक्स’ टाकण्यापेक्षा अंदाज लिहा. 200 च्या थव्याला 180 म्हटलं तरी चालेल, पण ‘एक्स’मधून दोन आणि दोन हजार यांतला फरक कळत नाही. दिवसभराची शंभर किलोमीटरची भटकंती एका यादीत कोंबू नका. ठिकाण बदललं की नवी यादी उघडा, वेळ आणि चाललेलं अंतर लिहा.

परवानगीच्या बाबतीत विद्यार्थी हमखास अडकतात. अभयारण्यात संशोधन करायचं, पक्षी पकडायचे, कड्या घालायच्या, अंडी मोजायची, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार लेखी परवानगी लागते. पर्यटकाचं तिकीट काढून आत जाऊन गोळा केलेला डेटा प्रबंधात वापरता येत नाही, आणि पुढे प्रसिद्ध करतानाही अडचण येते. अर्ज मार्गदर्शकाच्या संस्थेमार्फत जातो, त्याला महिने लागू शकतात. त्यामुळे हिवाळ्यातल्या कामाचा अर्ज उन्हाळ्यातच करा. गावातली गायरानं, शेतं, तलाव, महाविद्यालयाचं आवार इथे नुसतं निरीक्षण करायला एवढी अडचण नसते. पहिला प्रोजेक्ट तिथेच घ्या.

पदवीनंतर याच विषयात शिकायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतला वन्यजीव अभ्यासक्रम आणि कोईमतूरचं सॅकॉन हे पक्षी संशोधन केंद्र यांचे प्रवेश आणि प्रकल्पांच्या जागा नियमित बघत जा. प्रकल्पात मदतनीस म्हणून निवडताना ‘किती जाती बघितल्या’ यापेक्षा नीट ठेवलेली फील्डवही जास्त वजनदार ठरते. आणि घरात कुणाच्या जुन्या पक्षीवह्या असतील, तारीख आणि गाव लिहिलेल्या, तर त्या रद्दीत देऊ नका. जुन्या तारखांच्या याद्याही ईबर्डवर भरता येतात. वीस-तीस वर्षांपूर्वी तुमच्या तळ्यावर काय होतं, हे सांगणारं दुसरं साधन बहुतेक गावांत नाही.