बूटच्या वेळी ओरडणारा ५१७

सांगलीत विश्रामबागच्या खोलीवर एका जुन्या छोट्या संगणक-बोर्डावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवत होतो. दर बूटला, म्हणजे बोर्ड सुरू होताना, टचस्क्रीनचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) लाल अक्षरांत 'एरर -५१७' ओरडायचा, आणि दोन सेकंदांत टच झकास चालू! ५१७ म्हणजे प्रोब डिफर, प्रोब (ड्रायव्हरची सुरुवातीची जुळवणी) पुढे ढकलला: ज्या रेग्युलेटरची (वीज पुरवणाऱ्या भागाची) गरज आहे तो अजून उठलेला नाही, कर्नल (लिनक्सचा गाभा) नंतर पुन्हा प्रयत्न करणार. म्हणजे बिघाड नव्हताच, नुसता कांगावा.

ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये आधी एरर छापणारी डेव्ह_एरर, खाली एरर परत देणारी रिटर्न अशा दोन ओळी होत्या. त्यांच्या जागी 'रिटर्न डेव्ह_एरर_प्रोब' ही एकच घातली. कर्नल ५.९ पासून हे फंक्शन आहे. ५१७ असेल तर ते फक्त डीबग पातळीवर, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या संदेशांत, बोलतं. भडंगाचा पुडा संपायच्या आत काम झालं.

त्याच झपाट्यात केफ्रीआधीची (केफ्री म्हणजे मेमरी मोकळी करणारं फंक्शन) नलची, म्हणजे रिकाम्या पॉइंटरची, तपासणीही उडवली (केफ्रीला नल चालतो), पण हे दोन वेगळे बदल एकाच पॅचमध्ये (बदलांच्या फाइलमध्ये) कोंबले. मग बसलो ते वेगळे करत.